अभ्र्याचा रंग

माणसं डॉक्टरांशी खोटं बोलतात, आणि डॉक्टरांकडून फोन आला तर त्याहून जास्त बोलतात. मानसी यावर कुणाशी वाद घालत बसत नसे, कारण तिचा पगारच त्या खोट्यावर चालत होता. कांदिवली पश्चिमेला डॉक्टर शर्मिष्ठा टिपणीस यांचा त्वचेचा दवाखाना होता आणि तिथे औषधांच्या कपाटाला लागून असलेलं टेबल मानसीचं होतं. मुरमांच्या पेशंटना घरी फोन करायचा आणि त्यांनी औषध सोडलेलं नाही ना हे बघायचं, एवढंच तिचं काम.

लोक सोडतातच. मुरमांवरचं औषध तापाच्या गोळीसारखं नसतं. सुरुवातीला चेहरा चुरचुरतो, सालपटं निघतात, ओठ फुटतात आणि मुरमं होती त्यापेक्षा वाढलीच की काय असं वाटायला लागतं. डॉक्टर हे सगळं केबिनमध्ये समजावून सांगत. पेशंट मान हलवायचा, पैसे द्यायचा आणि जिना उतरेपर्यंत विसरायचा. मग एक दिवस आरशात बघून घाबरायचा, ट्यूब कपाटावर फेकायचा आणि शेजारणीने सांगितलेला कुठलातरी लेप थापायला लागायचा. त्यातून काही बिघडलं की पुन्हा डॉक्टरांनाच नावं ठेवायला मोकळा.

'रोज लावता ना?' असं मानसी कधी विचारत नसे. त्याला 'हो' याशिवाय दुसरं उत्तर कुणी देत नाही. तिने स्वतःची एक युक्ती काढली होती. ती इकडचं तिकडचं बोलायची आणि मध्येच विचारायची, "तुमच्या उशीचा अभ्रा कुठल्या रंगाचा आहे हो?"

रात्री लावायच्या त्या मलमाची एक खोड होती. ते रंगीत कपड्याचा रंग खायचं. खोक्यातल्या घडीच्या कागदावर हे बारीक इंग्रजीत छापलेलं असे आणि तो कागद कुणी उघडत नसे. जो खरंच रोज लावून झोपायचा त्याच्या अभ्र्यावर गालाच्या जागी पिवळट धब्बे पडायचे. तो फोनवर वैतागून सांगायचा की अहो निळा होता, पण सगळा डागाळलाय, धुऊनही जात नाही. मानसीला कळायचं, हा लावतोय. ज्याचा अभ्रा अजून छान निळाशार असायचा त्याची ट्यूबही छान भरलेली असायची. त्याला मग ती गोड बोलून धारेवर धरायची.

डाग पडल्यावर ती सांगायचीच, की आता पांढरा अभ्रा घाला. आधी सांगितलं असतं तर सगळ्यांनीच पांढरा घातला असता आणि तिला काहीच कळलं नसतं. अभ्र्याची किंमत ती किती? डॉक्टरांना ही युक्ती इतकी आवडली होती की त्या ती आपल्या डॉक्टर मैत्रिणींना रंगवून सांगत. मानसीलाही थोडा अभिमान होता, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. तिच्या फोनमुळे पुष्कळांचे चेहरे बरे झाले होते.

सिद्धेश चारकोपहून आला तेव्हा त्याच्या तोंडावर मास्क होता. साथ कधीच संपली होती, पण त्याने मास्क सोडला नव्हता. चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये स्टिकर छापणाऱ्या एका गाळ्यात तो कामाला होता. वय बावीस-तेवीस. मास्क काढल्यावर डॉक्टरांनी फक्त "बराच उशीर केलास" म्हटलं. गालांवर, जबड्याच्या कडेने, मानेवर आणि खांद्यांवरही मोठाली, दुखरी मुरमं होती. दोन-चार जागी खड्डे पडायला सुरुवात झाली होती.

"चेहऱ्याला काय काय लावतोस?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाटकात काम करतो, मॅडम. कधीकधी मेकअप असतो."

"तेलातला?"

"खोबरेलात कालवतात."

"ते बंद. पाण्यातला मेकअप मिळतो, तो वापर."

तो बरं म्हणाला. कसलं नाटक, कसलं काम, हे त्याने सांगितलं नाही आणि डॉक्टरांनी विचारलं नाही.

नाटक म्हणजे दशावतार. सिंधुदुर्गातल्या एका गावची चारकोपमध्ये स्थायिक झालेली मंडळी, त्यांच्या आजोबा-वडलांनी गिरण्यांत कामं केलेली, वर्षातून एकदा हॉल घेऊन दशावतार करायची. दशावतारात बायकांची कामं पुरुष करतात. या मंडळाची राणी सिद्धेश होता आणि त्याच्या आधी कितीतरी वर्षं त्याचे वडील दशरथ राणी होते. दशरथ राणी होऊन उभे राहिले की बायकासुद्धा पदर कसा घ्यावा हे त्यांच्याकडे बघून शिकत, असं जुने लोक सांगतात. पण त्यांच्या दोन्ही गालांवर तरुणपणीच्या मुरमांचे खड्डे होते. रंगाखाली ते बुजायचे. रंग उतरवून दशरथ बाहेर आले की मघाशी टाळ्या वाजवलेली माणसंही क्षणभर त्यांच्याकडे बघायची आणि मग दुसरीकडेच बघत बोलायची. सिद्धेशने हे लहानपणापासून पाहिलं होतं. त्याला वडलांसारखी राणी व्हायचं होतं आणि वडलांसारखा चेहरा नको होता. यातलं पहिलं घरात बोलता येत होतं, दुसरं नाही.

दशरथना हे मलमाचं खूळ पटलेलं नव्हतं. "रंगान सगळा भरून निघता," एवढंच ते म्हणाले होते.

मानसीने सिद्धेशला पहिला फोन केला तेव्हा तो गाळ्याबाहेर चहाला उभा होता.

"जळजळतं का रे?"

"वाट लागलीय, ताई. नाकाच्या बाजूने कातडं सुटतंय. गाळ्यात सगळे विचारतात, उन्हात भाजलास काय."

"सोडलंस का मग?"

"नाही अजून. सोडू का?"

हा प्रश्न बरेच जण विचारतात आणि त्या प्रश्नात अर्धी सुट्टी मागितलेली असते. मानसीने त्याला समजावलं. सारखं साबणाने तोंड धुवायचं नाही. कोमट पाणी, मऊ टॉवेल, घासायचं नाही, टिपायचं. आधी मॉइश्चरायझर, ते मुरलं की मलम, सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, आणि फारच जळलं तर एक दिवसाआड. ओठांना घरचं साजूक तूप चालेल. दिवसा सनस्क्रीन. "हे दिवस निघाले की त्रास कमी होतो. माझ्यावर विश्वास ठेव. तुझ्यासारख्या किती जणांशी बोलते मी."

"ठेवतो," सिद्धेश म्हणाला. त्याला खरोखर हलकं वाटलं होतं. त्याच्या चेहऱ्याबद्दल कुणी एवढा वेळ बोललं नव्हतं, तेही न हसता.

"तुझ्या उशीचा अभ्रा कुठल्या रंगाचा आहे?"

"अभ्रा? पांढरा. आजोबांची जुनी धोतरं होती ना, आईने त्याचे शिवलेत. का हो?"

पांढऱ्या अभ्र्यावर मानसीची युक्ती चालत नव्हती. पण सालपटांचं वर्णन त्याने इतकं नेमकं केलं होतं की तो लावतोय याबद्दल तिला शंका उरली नाही. मग कारण सांगायची काय गरज?

"सहज," ती म्हणाली.

पुढच्या फोनवर त्याने कबूल केलं की कधीकधी विसरतो. गाळ्यातून आला की जेवतो आणि आडवा होतो, मग उठून कोण लावणार? मानसीने त्याला वेळ बदलून दिली. कामावरून आलास की लगेच तोंड धू आणि लाव, मान आणि खांदे विसरू नकोस, मग तू मोकळा. हा सल्ला तिने बऱ्याच जणांना दिला होता आणि तो चांगला सल्ला होता. सिद्धेश तो पाळायला लागला. हनुवटीवरची सूज बसली. गाळ्यात विचारणारे विचारायचे थांबले. एकदा तर तो मास्क न घालता कांदिवली स्टेशनपर्यंत जाऊन आला आणि घरी आल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण मास्क विसरलो होतो.

त्याच सुमारास मंडळाच्या तालमी सुरू झाल्या. सेक्टरमधल्या सोसायटीच्या हॉलमध्ये संध्याकाळी सगळे जमायचे. राणीचं काम करणाऱ्याने साडी नेसूनच तालीम करायची, नाहीतर आयत्या वेळी पायात येते, हा दशरथनी घालून दिलेला नियम. आणि साडी साधी नव्हती. गावच्या देवीच्या ओटीतली हिरवी सुती साडी होती ती, लाल काठाची. ओटीत आलेल्या साड्या गावात प्रसाद म्हणून वाटतात, तशी ही एकदा मंडळाला मिळाली होती. राणीशिवाय ती कुणी नेसायची नाही. ती दशरथच्या घरी पंच्यात बांधून ठेवलेली असे.

आता गोष्ट सरळ आहे. सिद्धेश कामावरून यायचा, तोंड धुवायचा, मानेला, खांद्यांना मलम लावायचा आणि तालमीला जाऊन देवीची साडी नेसायचा. हॉलमध्ये पंखा होता, पण आवाज होतो म्हणून तालमीत बंद ठेवत. घाम यायचा. डोक्यावरून, मानेवरून, खांद्यावरून पदर फिरायचा.

रविवारी सिद्धेशची आई प्रेमा हिने साडी साध्या पाण्यातून काढून गॅलरीत वाळत घातली. सुकल्यावर घडी घालायला गेली आणि तशीच उभी राहिली. पदरावर, खांद्याच्या जागी, डोक्यावर येतो तिथे, हिरवा रंग उडून पिवळे-पांढुरके धब्बे पडले होते. जणू कुणी बोटं फिरवली होती.

तिने दशरथना हाक मारली. दशरथनी साडी दोन्ही हातांवर घेतली, उजेडात धरली आणि दादूंकडे नेली.

दादू मंडळाचे अध्यक्ष. विक्रोळीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, कुठल्याही गोष्टीचा छडा लावायला तयार. साबण कुठला, बादलीत काय होतं, गॅलरीत वरून काही पडलं का, सगळं त्यांनी विचारलं. साबण नव्हताच. बादली रोजचीच. वरच्या मजल्यावर कुलूप. मग दादू हळू आवाजात म्हणाले, "देवीचा काय ता इचारूक होया."

देवीला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. देवळात गुरव देवीच्या दोन्ही अंगांना फुलांच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पूर्वी यासाठी कुणाला तरी गावी जावं लागे. आता दादूंच्या घरी मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि व्हिडिओ कॉलवर देऊळ दिसायला लागलं. सगळे चपला काढून बसले. दादूंनी प्रश्न सांगितला, "सिद्धेशान ही साडी नेसूची काय?" गुरवाने तो देवीला मोठ्याने सांगितला. पाकळ्या चिकटलेल्याच होत्या, आणि नेमकं तेव्हाच नेटवर्क गेलं. चित्र परत आलं तेव्हा एक पाकळी खाली पडलेली होती.

"डावो," गुरव म्हणाला.

झालं. डाव्या कौलावर कुणी काय बोलणार? राणीचं काम दादूंच्या पुतण्याकडे, सर्वेशकडे गेलं. सर्वेशचा चेहरा गुळगुळीत होता आणि आवाज रिक्षासारखा.

घरी आल्यावर दशरथनी सिद्धेशला विचारलं, "काय केलंस तू?"

"काही नाही, बाबा."

"देवी उगीच नको म्हणणा नाय."

प्रेमा आतून म्हणाली, "ता मलम सुरू केल्यान तवापासना ह्याचा लक्ष खय असा? येता तो आरशासमोर." तिला मलमाने डाग पडले असं म्हणायचं नव्हतं. पोराला स्वतःच्या तोंडाचा नाद लागला आणि देवीला तो आवडला नाही, असं तिला वाटत होतं. सिद्धेशला देवीचं किती खरं वाटत होतं हे त्यालाच नीट सांगता आलं नसतं. पण ज्या राणीसाठी तो इतकी वर्षं वडलांच्या मागे विंगेत उभा राहिला, ती त्याच्याकडून काढून घेतली होती, आणि वडील त्याच्याकडे बघत नव्हते. त्याने ट्यूब ड्रॉवरच्या तळाशी टाकली. काही दिवसांत गालावर पुन्हा लाल गाठी यायला लागल्या. मास्क परत आला.

मानसीचा फोन ठरल्यासारखा आला.

"बंद केलंय मी, ताई."

"का रे? चांगलं चाललं होतं की."

"चेहऱ्याचं नाही. दुसरंच झालं." मग त्याने साडीचं सांगितलं. आधी तो दशावतारात काय काम करतो हे सांगावं लागलं, ते त्याने भरभर उरकलं. मग साडी, डाग, कौल, सर्वेश. डाग म्हणताच मानसीला कळलं होतं.

"डाग कुठे पडलेत?" तिने शेवटी विचारलं.

"पदरावर. खांद्याला, मानेला."

"पिवळट? कडा नीट नसलेले?"

"हो. तुम्हाला कसं माहीत?"

थाप मारता आली असती. फोनवर रोज किती थापा ऐकायची ती, तिला एक जमली नसती असं नाही. पण तिला लाज वाटली, अगदी कान तापेपर्यंत लाज वाटली, आणि तिने सांगून टाकलं. ते मलम रंग खातं. अंगाला लागलेलं असतं ते कपड्याला लागतं. साडीला तेच झालं.

पलीकडे गाळ्यातलं मशीन चालू असल्याचा आवाज येत होता.

"म्हणून तुम्ही अभ्र्याचं विचारलं होतं."

"हो."

"मी विचारलं होतं, का हो म्हणून."

"हो, विचारलं होतंस."

"तुम्ही म्हणालात, सहज."

सिद्धेशने फोन ठेवला आणि नंतर उचलला नाही. तिने हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. डॉक्टर म्हणाल्या, "अगं, आतल्या कागदावर छापलेलं असतं ना ते." मग थोड्या वेळाने स्वतःच केबिनबाहेर येऊन म्हणाल्या, "पण कोण वाचतं?" आणि पुन्हा आत गेल्या.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी दवाखान्यात एक पन्नाशी उलटलेला माणूस आला आणि भिंतीशी बसला. मांडीवर कापडी पिशवी. समोर कॉलेजच्या दोन मुली बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या गालांकडे बघितलं, मग एकमेकींकडे, आणि मोबाइलमध्ये डोकं घातलं. रिसेप्शनवरच्या तेजलने त्याला केस पेपरसाठी नाव विचारलं. तिलाही तो पेशंटच वाटला.

"माका दाखवूचा नाय," तो म्हणाला. "फोन करता ती बाई खय असा?"

मानसी उठून आली. त्याने पिशवीतून पंच्यात बांधलेली साडी काढली आणि तिच्या टेबलावर उलगडली.

"मी सिद्धेशाचो बापूस. तो म्हणता, मलमान झाला ह्या. माका वाटला, कौल डावो इलो म्हणान काय पण सांगता. खरा काय ता तुमी सांगा."

मानसीने तोंडाने सांगितलं नाही. तिने आतल्या बेसिनजवळचा नॅपकिन आणून साडीशेजारी ठेवला. मलम लावून दाखवल्यावर डॉक्टर हात पुसत तो नॅपकिन. कधीकाळी गडद निळा होता. आता त्यावर निळ्यापेक्षा पिवळं जास्त होतं. दशरथनी नॅपकिनवरचा एक डाग बघितला, पदरावरचा एक डाग बघितला, दोन्हींवरून अंगठा फिरवला.

"माझी चूक आहे, काका," मानसी म्हणाली. "मला माहीत होतं. मी त्याला सांगायला हवं होतं."

दशरथ साडीची घडी घालायला लागले. नऊवारी साडीची घडी एकट्याने घालायची म्हणजे लांब हात लागतात, पण त्यांच्या हातांना सवय होती.

"मगे कौल खोटो काय?" त्यांनी विचारलं. प्रश्न तिला नव्हता. पंच्याची गाठ मारताना मात्र त्यांचा हात थांबला.

"काय इचारलव आमी देवीक? सिद्धेशान ही साडी नेसूची काय. ती नको म्हणाली. बरोबरच म्हणाली. तो आणखी नेसलो असतो तर साडी सगळीच जाती." त्यांनी मानसीकडे पाहिलं. "काम करू नको असा ती खय म्हणाली? ता आमी इचारलवच नाय. ता दादूनच ठरवल्यान."

आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला. पिशवी उचलून ते दारापर्यंत गेले आणि परत आले. बाकावरच्या मुली आत गेल्या होत्या. तेजल फोनवर होती. दशरथ टेबलाशी जरा वाकले आणि त्यांनी एक बोट आपल्या गालावर ठेवलं, जिथे खड्डे सगळ्यात दाट होते.

"ह्येका चलात काय ता मलम?"

मानसीकडे या प्रश्नाला तयार उत्तर होतं. डॉक्टरांना भेटा, आता बऱ्याच सोयी आहेत, मशीनने थोडा फरक पडतो. ते खोटं नव्हतं. पण त्यांनी मशीनचं विचारलं नव्हतं. मुलाच्या ड्रॉवरमध्ये पडलेल्या ट्यूबबद्दल विचारलं होतं.

"नाही, काका," ती म्हणाली. "खड्डे पडायच्या आधी चालतं. नंतर नाही."

त्यांनी मान हलवली. बोट अजून गालावरच होतं.

"तवा असा काय ठावक नव्हता," ते म्हणाले. "मगे तेका सोडूक देऊ नकात."

त्या दिवसापासून मानसीने अभ्र्याचा प्रश्न सोडला. नवीन पेशंट ट्यूब घेऊन बाहेर आला की तीच आधी सांगायची, पांढरा अभ्रा घाला, पांढरा टॉवेल ठेवा, चांगले कपडे जपा. कोण लावतंय आणि कोण नाही हे तिला आता पूर्वीसारखं कळत नाही. काही जण तिला बिनदिक्कत फसवतात आणि ती फसते. डॉक्टर मधून मधून म्हणतात की तुझी ती युक्ती छान होती. ती हो म्हणते.

सिद्धेशला फोन करायला तिला धीर होईना. पण काम काम असतं. प्रयोग होऊन गेल्यावर तिने लावला. त्याने उचलला.

"कसा आहेस?"

"बरा आहे, ताई." पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तो घरी होता. "काम मीच केलं. बाबांनी परत कौल लावायला लावला. दुसरी साडी नेसून काम करू दे काय, असं विचारलं. उजवा आला. या वेळेला नेटवर्क पण गेलं नाही."

"मग साडी कुठली नेसलास?"

"आईची. ती म्हणाली, खराब झाली तर होऊ दे. पण नाही झाली. बाबांनी आत खांद्यावर आजोबांच्या धोतराचा तुकडा घातला होता. सर्वेश चिडलाय थोडा. त्याला पुढच्या वर्षी राक्षस देणारेत, आवाजाला बरा पडेल."

मानसी हसली. मग तिला विचारायचं होतं ते तिने अगदी साधं विचारलं. कुठलीही युक्ती न करता.

"औषध लावतोस का रे?"

"मी नाही लावत," सिद्धेश म्हणाला.

ती काही बोलणार तेवढ्यात तो म्हणाला, "बाबा लावतात. मागे मानेला आणि खांद्याला माझा हात पुरत नाही ना. आधी तेवढंच लावायचे. आता तोंडाला पण तेच लावतात. मी कामावरून आलो की ट्यूब घेऊन बसलेले असतात. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं, जास्त नाही. जळतं काय विचारतात, आणि जळत असलं तर फुंकर घालतात. मी सांगितलं, मी करतो माझं, तर ऐकत नाहीत."

टेबलावरचा पेन तिने उगीच उचलून परत ठेवला.

"त्यांना सांग," ती म्हणाली, "लावून झालं की हात धुवायचे."

"धुतात," सिद्धेश म्हणाला. "आणि पांढऱ्या टॉवेललाच पुसतात."